नीलमण्याची पारख : एका खड्याचा इतिहास

मराठीत रत्नाला आपण बोलताना सहज ‘खडा’ म्हणतो. अंगठीत खडा बसवला, खडा लाभला, कुडीतला खडा पडला, अशी आपली भाषा आहे. ‘मणी’ आणि ‘रत्न’ हे भारदस्त शब्द पोथीत ठेवून बाजाराने हा साधा शब्द उचलला. नीलमण्यापुरते बोलावयाचे तर तो अगदी यथार्थ आहे. कारण सिंहलद्वीपात, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, रत्नपुराच्या परिसरात नीलमणी सापडतो तो नदीच्या जुन्या गाळातील वाळू-खड्यांच्या थरात. तेथील लोक विहिरीसारखे खड्डे खणतात, तो थर उपसतात, टोपल्यांत घालून पाण्यात घोळवतात आणि तळाशी राहिलेल्या जड खड्यांमधून नीलमणी निवडतात. टोपलीभर खड्यांत एखादाच रत्न असतो. बाकीचे खडे ते खडेच.

तो एक ओळखावयाचा कसा? या प्रश्नापाशी नीलमण्याचा इतिहास सुरू होतो. सोने कसोटीवर घासले की बोलू लागते. रत्न तसे बोलत नाही. त्याच्या वतीने कोणीतरी माणूस बोलतो आणि त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून दुसरा माणूस पैसे मोजतो. म्हणून नीलमण्याचा इतिहास हा पुष्कळ अंशी पारखीचा आणि विश्वासाचा इतिहास आहे. त्यात ठाणे-कल्याणचा भागही आहे, आणि तो इतिहास आज अंगठी घ्यावयास निघालेल्या माणसाच्या प्रत्यक्ष उपयोगाचा आहे, हे आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

प्रथम हा दगड आहे तरी काय, ते पाहू. नीलमणी म्हणजे कुरुंद. ज्या कुरुंदाची पूड सुऱ्या-कात्र्यांना धार लावण्याच्या कामी येते, त्याच कुरुंदाच्या कुळातला हा राजपुत्र. युरोपातील शास्त्रज्ञांनी या खनिजाला ‘कोरंडम’ हे नाव दिले, तेही तमिळ ‘कुरुंदम्’ आणि संस्कृत ‘कुरुविंद’ या शब्दांवरूनच. ॲल्युमिनियम आणि प्राणवायू यांच्या संयोगाने हे खनिज बनते. शुद्ध असेल तर ते पाण्यासारखे वर्णहीन असते. त्यात क्रोमियमचा किंचित अंश मिसळला की ते लाल होते आणि आपण त्याला माणिक म्हणतो. लोखंड आणि टायटॅनियम या दोहोंचा लेश एकत्र आला की तेच खनिज निळे होते, तो नीलमणी. आपल्या बाजारात पुष्कराज म्हणून जो पिवळा खडा सामान्यतः दिला जातो तोही याच घरातला. काठिण्याच्या दहा पायऱ्यांच्या मापात हिरा दहाव्या पायरीवर आणि कुरुंद नवव्या पायरीवर बसतो. पाण्याच्या तुलनेत तो सुमारे चौपट जड आहे. काठिण्य आणि जडपणा हे दोन गुण लक्षात असू द्यावेत. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

माणिक आणि नीलमणी ही सख्खी भावंडे आहेत, हे युरोपच्या शास्त्राला अठराव्या शतकाच्या अखेरीस उमगले. परंतु सतराव्या शतकात हिंदुस्थानात वारंवार आलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये लिहून गेला आहे की ब्रह्मदेशातील पेगूचे लोक सगळ्याच रंगीत रत्नांना माणिक म्हणतात. नीलम त्यांच्या लेखी निळे माणिक. ताव्हर्नियेला ही भाषेची गंमत वाटली असावी. वस्तुतः खाणीवर बसणाऱ्या लोकांना दगडांचे नाते प्रयोगशाळेच्या आधीच कळले होते.

नावाचा गोंधळ झाला तो दूर देशी. ग्रीक भाषेत ‘सॅफैरॉस’ असा एक शब्द होता. आजचा ‘सफायर’ हा इंग्रजी शब्द त्याचाच वंशज. पण प्राचीन ग्रीक-रोमन माणूस जेव्हा हा शब्द वापरी, तेव्हा त्याच्या मनात नीलमणी नसे. रोमन ग्रंथकार प्लिनीने या दगडावर सोन्याचे ठिपके चमकतात असे वर्णन केले आहे. नीलमण्यावर असे ठिपके नसतात. ते असतात लाजवर्दावर, ज्याला आपण राजावर्त म्हणतो. म्हणजे प्राचीनांचा ‘सॅफैरॉस’ हा अफगाणिस्तानच्या बदख्शानातून येणारा अपारदर्शक लाजवर्द होय. खऱ्या नीलमण्याला ते बहुधा ‘ह्याकिंथॉस’ या वेगळ्याच नावाने ओळखत.

हा भेद आपल्या समुद्रकिनाऱ्याच्या इतिहासात स्पष्ट दिसतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधील एका ग्रीक भाषा बोलणाऱ्या व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ या नावाने प्रसिद्ध असलेले प्रवासपुस्तक लिहिले. कोणत्या बंदरात काय मिळते याची ती व्यापारी नोंदवहीच आहे. तिच्यात सिंधूच्या मुखाजवळच्या बंदरातून ‘सॅफैरॉस’ निघतो असे म्हटले आहे, कारण तेथे उत्तरेकडून लाजवर्द उतरे. मलबारच्या बंदरांतून मात्र पारदर्शक रत्ने, हिरे आणि ‘ह्याकिंथॉस’ निघतो असे म्हटले आहे, कारण ती बंदरे सिंहलद्वीपाला जवळची. एकाच लेखकाच्या एकाच पुस्तकात दोन निळे दगड, दोन नावे आणि दोन वाटा अशा स्वच्छ मांडलेल्या आहेत.

याच पुस्तकात सोपाऱ्याच्या पाठोपाठ आपले कल्याण येते. थोरल्या सारगनसाच्या काळी ही कायदेशीर बाजारपेठ झाली होती, पण पुढे दुसऱ्या राजाच्या ताब्यात गेल्यावर येथे चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्याखाली भडोचला नेली जातात, असे तो लेखक नोंदवतो. हा सारगनस म्हणजे सातवाहन राजा असे विद्वान मानतात. जुन्नर-पैठणकडचा माल नाणेघाटाने उतरून उल्हास नदीच्या खाडीवर यावा आणि तेथून समुद्राला मिळावा, अशी कल्याणची जागा. तिच्यासाठी दोन सत्तांनी झगडावे यात नवल नाही.

इ. स. ५५० च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या कॉस्मास नावाच्या लेखकाने पुन्हा कल्याणचे नाव घेतले आहे. तो सांगतो की पूर्वेकडचे रेशीम, लवंगा, चंदन असा माल सिंहलद्वीपात येतो आणि तेथून अलीकडच्या बंदरांना जातो. त्या बंदरांत मिऱ्यांचा मलबार आहे आणि ‘कल्लियाना’ही आहे. कल्याणहून तांबे, लाकूड आणि वस्त्रे निघतात, हे मोठे व्यापाराचे ठिकाण आहे, असेही तो म्हणतो. त्याच लिखाणात सिंहलद्वीपाच्या दोन राजांपैकी एकाकडे ‘ह्याकिंथॉस’ रत्नांचा मुलूख असल्याचे सांगितले आहे. तेथील एका उंच देवळावर चिलगोज्याच्या मोठ्या बोंडाएवढा असा एक मणी असून उन्हात तो दुरून झळकतो, असे त्याचे वर्णन आहे. मात्र तो मणी आगीसारखा लाल असल्याचे तो लिहितो. म्हणजे सहाव्या शतकात हे नाव निळ्याबरोबर लाल कुरुंदालाही लागू होते.

कल्याणच्या मालाच्या या यादीत नीलमण्याचे नाव नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण रत्नाला गोदाम लागत नाही. ते व्यापाऱ्याच्या कमरेच्या कशात मावते आणि म्हणून मालाच्या याद्यांत त्याचा माग क्वचितच लागतो. सिंहलद्वीपाहून निघालेल्या गलबतांच्या वाटेवर कल्याण होते, एवढे मात्र कागदोपत्री सिद्ध आहे. आणि त्या वाटेच्या या टोकाला रत्नांचे व सोन्याचे जाणकार होते, याचा पुरावा तर आपल्या डोंगरातच कोरलेला आहे. ठाण्याच्या पश्चिमेला, डोंगररांगेच्या पलीकडल्या अंगास असलेल्या कान्हेरीच्या लेण्यांत दात्यांचे पुष्कळ लेख आहेत. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतल्या या लेखांत कल्याणचा सुवर्णकार सामिदत याने पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. सोपाऱ्याच्या नागपालिताचे दानही तेथे कोरलेले आहे, आणि त्याचा धंदा ‘मणिकार’ असा स्पष्ट लिहिलेला आहे. मणिकार म्हणजे मणी घडवणारा, जवाहिऱ्या. अशी माणसे आपल्या खाडीकाठी इतकी सधन होती की लेण्यांना दान देऊन आपले नाव दगडावर ठेवून गेली.

पुढे शिलाहारांच्या काळात श्रीस्थानक, म्हणजे आपले ठाणे, राजधानी झाले. इ. स. १२६५ च्या सुमारास देवगिरीच्या महादेव यादवाने ते राज्य जिंकले. त्यानंतरच्या पिढीत आलेला मार्को पोलो ठाण्याच्या व्यापारात कातडी, सुती कापड आणि बाहेरून येणारे सोने-चांदी-तांबे यांची नोंद करतो. श्रीलंकेच्या वर्णनात त्याने माणकांबरोबर नीलमण्यांचाही उल्लेख केला आहे. त्याच्या काळापर्यंत युरोपातही ‘सफायर’ हे नाव लाजवर्दावरून सरकून खऱ्या नीलमण्यावर येऊन बसले होते.

परदेशी प्रवाशांनी रत्ने पाहिली आणि नोंदली. त्यांची पारख कशी करावी हे मात्र आपल्याकडच्या ग्रंथकारांनी शास्त्र म्हणून लिहिले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या कोशात रत्ने घेताना त्यांची परीक्षा कशी करावी याचे एक प्रकरणच आहे. त्यात इंद्रनीलाच्या आठ जाती सांगितल्या आहेत आणि त्यांतली नावे ऐकण्यासारखी आहेत. कलायपुष्पक म्हणजे वाटाण्याच्या फुलासारखा, जांबवाभ म्हणजे जांभळाच्या रंगाचा, जीमूतप्रभ म्हणजे पावसाळी मेघाच्या कांतीचा. कोणत्याही शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे हे रंग उभे राहतील. रंगाचे माप ठरवावयाचे तर सर्वांनी पाहिलेल्या वस्तूंवरून ठरवावे, हा त्यातला शहाणपणा आहे.

त्यानंतर बुद्धभट्टाचा ‘रत्नपरीक्षा’ हा ग्रंथ येतो. रत्नशास्त्रावरील जुने संस्कृत ग्रंथ लुई फिनो या फ्रेंच पंडिताने १८९६ साली पॅरिसला छापून काढले, त्यांत हा ग्रंथ आहे. यातील पुष्कळसा मजकूर गरुडपुराणातही आला आहे. रत्नांची उत्पत्ती तेथे पुराणाच्या पद्धतीने सांगितली आहे : बल नावाच्या असुराच्या शरीरापासून रत्ने झाली, आणि त्याचे डोळे सिंहलद्वीपात पडले तेथे इंद्रनील निर्माण झाले. कथा बाजूला ठेवली तरी तीत भूगोल अचूक आहे. कथेनंतर जे येते ते तर थेट बाजारातल्या माणसाने लिहावे असे आहे. इंद्रनीलासारखे दिसणारे खोटे खडे कोणते, याची यादी दिली आहे आणि त्यात काच व स्फटिक आहेत. खरा कसा ओळखावा, तर त्याच्या जडपणावरून आणि काठिण्यावरून. मघाशी लक्षात ठेवण्यास सांगितलेले गुण ते हेच. आजची प्रयोगशाळा खडा आधी हवेत आणि मग पाण्यात तोलून त्याचे विशिष्टगुरुत्व काढते. हवेत चार गुंजा भरणारा कुरुंद पाण्यात तीन गुंजाच भरतो. साधी काच याहून पुष्कळच अधिक घटते. उपकरण नवे असले तरी तत्त्व त्या जुन्या ग्रंथकाराच्या हातात होते.

दुधाची गोष्टही याच ग्रंथातली. ज्याचा रंग इतका दाट की आपल्या शंभरपट दुधात ठेवला तरी सगळ्या दुधाला निळी झाक देतो, तो महानील, असे तेथे म्हटले आहे. ही रंगाच्या दाटपणाची अतिशयोक्त मोजणी आहे. खऱ्या-खोट्याची कसोटी नव्हे. आजही पुष्कळ घरांत वाटीभर दुधात खडा टाकून पाहतात. खरे म्हणजे दुधात रंग उतरू लागला, तर तो खडा रंगवलेला आहे एवढेच त्यावरून समजावे.

आता यातला सर्वात महत्त्वाचा भाग. गरुडपुराणातील इंद्रनीलाच्या प्रकरणात म्हटले आहे की माणिक जितका अग्नी सोसते त्याहूनही अधिक अग्नी इंद्रनील सोसतो. तथापि परीक्षेसाठी किंवा गुण वाढवण्यासाठी कोणताही मणी कदापि अग्नीत घालू नये. अग्नीचे प्रमाण न कळल्यामुळे मणी भाजून दूषित झाला, तर तो धारण करणाऱ्याला, भाजणाऱ्याला आणि भाजवून घेणाऱ्याला, तिघांनाही अनर्थकारक होतो. श्रोतेहो, निषेध नेहमी घडत असलेल्या गोष्टीचाच होतो. त्या काळी रत्ने तापवून त्यांचा रंग सुधारण्याची विद्या चालू होती, म्हणूनच ग्रंथकाराला ती निषिद्ध ठरवावी लागली. अकराव्या शतकात अल्बेरूनीनेही माणके तापवून स्वच्छ करण्याच्या क्रियेचे वर्णन केले आहे. ‘गुण वाढवण्यासाठी’ हे शब्द मनात ठेवा, कारण आजच्या नीलमण्याचा सगळा प्रश्न त्यांतच आहे.

पण आजचा सामान्य माणूस नीलमण्याकडे वळतो तो गुणासाठी नव्हे, भयापोटी. नीलम म्हणजे शनीचा खडा. लाभला तर राव करील, न लाभला तर रंक करील. आधी तीन रात्री उशाखाली ठेवून पाहावा. वाईट स्वप्न पडले तर परत करावा. हे समज आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकले आहेत. ही जोडी किती जुनी आहे? सहाव्या शतकातला वराहमिहिर हा ज्योतिष्यांचा मुकुटमणी. त्याच्या बृहत्संहितेत रत्नांचे प्रकरण आहे. त्यात त्याने बावीस रत्नांची यादी दिली, हिरा, मोती, माणिक आणि पाचू यांवर स्वतंत्र अध्याय लिहिले, पण इंद्रनीलाचे नुसते नाव यादीत घातले. शुभ रत्नाने राजांचे शुभ होते आणि दोषयुक्त रत्नाने अशुभ होते, हे त्याने सांगितले. म्हणून पारख जाणकारांकडून करून घ्यावी, हे त्याचे तात्पर्य. साडेसातीसाठी नीलम घाला, असे त्या अध्यायांत कोठेही नाही. नऊ ग्रहांना नऊ रत्ने वाटून देणारी मांडणी पुढच्या ग्रंथांत ठळक झाली. पंधराव्या शतकाच्या सुमाराच्या ‘जातकपारिजात’ ग्रंथात ती दिसते. तेथेही शनीच्या नीलाला लावलेले विशेषण ‘निर्मळ’ हे आहे. म्हणजे श्रद्धेच्या बाजूनेदेखील शास्त्राची मुख्य अट राहिली ती रत्न निर्दोष असण्याची.

भय नावाला कसे चिकटते, याचे एक मासलेवाईक उदाहरण लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात आहे. ‘दिल्लीचा जांभळा नीलम’ या नावाचा एक खडा तेथे ठेवलेला आहे. १८५७ च्या धामधुमीत कानपूरच्या इंद्राच्या देवळातून तो लुटला गेला आणि ज्याच्या हाती गेला त्याचा सत्यानाश झाला, अशी त्याची ख्याती. एडवर्ड हेरॉन-ॲलन या त्याच्या शेवटच्या मालकाने तो पेटीत पेटी घालून बंद ठेवला होता, आणि त्याच्या मृत्यूनंतर शापाच्या इशाऱ्याच्या पत्रासह तो संग्रहालयाकडे आला. तपासता तो निघाला ॲमेथिस्ट, म्हणजे आपला जांभळा स्फटिक. नीलमण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. शिवाय ती कथा त्या मालकानेच रचली असावी असा संशय घेतला जातो, कारण याच विषयावर त्याने १९२१ साली एक गोष्ट लिहिली होती. खडा वेगळा आणि नाव वेगळे, तरी भय मात्र जागच्या जागी!

आपल्या मराठी दागिन्यांकडे पाहिले तर या भयाची सावली तेथेही दिसते. नथीत मोत्यांबरोबर लाल-हिरवे खडे असतात, कुड्या मोत्यांच्या, तन्मणी मोत्यांचा, त्याच्या खोडात हिरे-माणके. निळा खडा सौभाग्याच्या दागिन्यांत जवळजवळ नाहीच. तो येतो तो नवरत्नांच्या अंगठीत नवांपैकी एक म्हणून, किंवा एकट्या पुरुषाच्या बोटात शनीसाठी. त्यामुळे माणिक-मोत्यांची पारख जशी घरच्या बायकांच्या डोळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या मुरली, तशी नीलमाची मुरली नाही. नीलम घेणारा माणूस बहुधा आयुष्यात एकदाच तो घेतो, तोही अडचणीच्या काळात. ग्राहक असा अनभिज्ञ आणि धास्तावलेला असला की फसवणुकीला रान मोकळे मिळते.

आता गेल्या दीडशे वर्षांत काय घडले ते थोडक्यात सांगतो. ठाण्याला १८५३ साली आणि कल्याणला १८५४ साली आगगाडी आली आणि मुंबईच्या झवेरी बाजाराशी या गावांचा रोजचा संबंध जडला. १८८१ च्या सुमारास काश्मिरात, पाडरच्या डोंगरांत सुमारे ४,५०० मीटर उंचीवर दरड कोसळून निळ्या खड्यांचा साठा उघडा पडला. मखमलीसारखा मऊ निळा रंग असलेले ते नीलम जगात सर्वश्रेष्ठ मानले गेले. महाराजांनी तेथे पहारा बसवला. पण पाच-सहा वर्षांत मुख्य साठा संपत आला. आज बाजारात काश्मिरी म्हणून नाव सांगितले जाणारे खडे आणि खरोखर काश्मिरातून निघालेले खडे यांची तोंडमिळवणी होणे कठीण. सध्याच्या नीलमण्यांत श्रीलंकेबरोबर मादागास्करचा मोठा वाटा आहे. तेथील इलाकाका भागातील साठे १९९८ च्या सुमारास प्रसिद्धीस आले.

१९०२ साली फ्रान्समध्ये व्हर्नुई या रसायनशास्त्रज्ञाने ज्योतीत भुकटी वितळवून माणिक बनवण्याची रीत जाहीर केली आणि पुढच्या दहा वर्षांच्या आत त्याच रीतीने निळा नीलमही बनू लागला. येथे जुने शास्त्र हतबल झाले. हा खडा काच नव्हे, कुरुंदच आहे. त्याचा जडपणा तोच, काठिण्य तेच, घटकही तेच. फरक एवढाच की तो पृथ्वीच्या पोटात युगानुयुगे न वाढता भट्टीत काही तासांत वाढलेला आहे. भिंगाखाली नैसर्गिक नीलमात रंगाचे पट्टे सरळ किंवा कोन करून जातात; व्हर्नुईच्या खड्यात ते वक्र, कमानीसारखे दिसतात. किमतीत तर जमीन-अस्मानाचे अंतर. असा खडा कृत्रिम म्हणून विकला तर त्यात गैर काहीच नाही. तो नैसर्गिक म्हणून विकणे ही लबाडी होय.

मग १९७० नंतरच्या दशकात गरुडपुराणाने निषेधिलेला अग्नी पुन्हा पेटला. श्रीलंकेत ‘गेउडा’ नावाचे दुधट, पांढुरके कुरुंद मिळत. त्यांना कोणी विचारीत नसे. थायलंडच्या व्यापाऱ्यांनी ते स्वस्तात नेऊन १,५०० अंश सेल्सियसच्या वर तापवले. खड्यातील टायटॅनियमच्या सूक्ष्म सुया विरघळल्या, ते टायटॅनियम लोखंडाशी जुळले आणि दुधट खडा आतून निळाशार झाला. आज बाजारात येणारे बहुसंख्य नीलम असे तापवलेले असतात. तापवलेला नीलम खोटा नव्हे. जगभरचा व्यापार तो मान्य करतो, रंगही टिकतो. परंतु त्याच प्रतीच्या न तापवलेल्या खड्याची किंमत पुष्कळ अधिक असते. त्याच्याही पुढे जाऊन बाहेरून टायटॅनियम किंवा बेरिलियम खड्यात मुरवून रंग चढवण्याच्या रीती आल्या. भेगांत निळी काच भरलेले खडेही विकले जातात. ही काच भरलेली असेल तर सोनाराच्या ज्योतीने किंवा आम्लाने खडा बिघडतो.

आता मुद्द्यावर येतो. ज्याची ग्रहांवर श्रद्धा आहे त्याच्या शास्त्राने मणी अग्नीत घालण्यास साफ मनाई केली आहे; मग त्याने खडा घेताना ‘हा तापवलेला आहे काय?’ हे विचारले पाहिजे. ज्याची श्रद्धा नाही, जो केवळ शोभेसाठी किंवा पैशाच्या दृष्टीने घेतो, त्यानेही हाच प्रश्न विचारला पाहिजे, कारण किंमत त्यावर ठरते. श्रद्धावान आणि अश्रद्ध या दोघांच्या ओठी एकच प्रश्न येतो, असा हा दुर्मीळ प्रसंग आहे. आणि तोच प्रश्न आपल्याकडे दुकानात सहसा कोणी विचारीत नाही! आपण विचारतो ते ‘लाभेल ना?’ एवढेच.

दुसरी गोष्ट वजनाची. पूर्वी आपले माप गुंजेचे : आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. या हिशेबाने गुंज सुमारे ०.१२ ग्रॅम येते. खड्यांच्या बाजारातली पक्की रत्ती मात्र सुमारे ०.१८ ग्रॅमची. ‘पाच रत्तींचा खडा’ असे नुसते सांगितले तर तो ०.६ ग्रॅमचाही असू शकेल आणि ०.९ ग्रॅमचाही. जगभर मान्य असलेला कॅरट बरोबर ०.२ ग्रॅमचा आहे. पावतीवर वजन त्यातच लिहून घ्यावे. येथे आणखी एक घोटाळा टाळावा. सोन्याचा कॅरट म्हणजे शुद्धतेचे माप, चोवीस पैकी किती भाग सोने हे सांगणारे. खड्याचा कॅरट म्हणजे वजन. शब्द एकच, कामे दोन. गंमत अशी की गुंज ही जशी एका वेलीची बी, तसा कॅरट हा शब्दही कॅरोब नावाच्या झाडाच्या बीवरून आलेला आहे.

तिसरी गोष्ट हॉलमार्कची. २०२१ पासून देशातील पुष्कळ जिल्ह्यांत सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्क सक्तीचा झाला, ही उत्तम गोष्ट. पण तो शिक्का बोलतो सोन्याविषयी. खड्याविषयी तो एक अक्षरही सांगत नाही. म्हणून सोन्याचे निव्वळ वजन आणि खड्याचे वजन पावतीवर वेगवेगळे असावे, नाहीतर दगड सोन्याच्या भावाने पदरी पडतो. खडा बसवण्यापूर्वी सुटा पाहावा. बंद कोंदणात खड्याखाली चकचकीत डांक घालून फिक्या खड्यालाही पाणी आणता येते. डांक घालणे ही आपली जुनी मान्य कारागिरी आहे, पण घेणाऱ्याला ते ठाऊक असले पाहिजे. खडा भारी किमतीचा असेल तर प्रयोगशाळेचे पत्रक घ्यावे. मुंबई आणि जयपूर येथे अशी तपासणी होते. त्या पत्रकात तीन उत्तरे शोधावीत : हा कुरुंदच आहे काय, तो नैसर्गिक आहे काय, आणि त्यावर कोणती क्रिया झाली आहे. विक्रेत्याने हीच तीन उत्तरे आपल्या पावतीवर लिहून द्यावीत. चांगला सराफ ती आनंदाने देतो; जो टाळतो त्याच्याकडे खडा कितीही निळा असला तरी आपण दुसऱ्या दुकानाची पायरी चढावी.

यात सराफांवर अविश्वास नाही. उलट त्यांच्या धंद्याची जुनी प्रतिष्ठा हीच आहे. कान्हेरीच्या लेखांत सामिदताने आपले नाव दिले, धंदा सांगितला आणि गाव लिहिले : सुवर्णकार, कल्याणचा. नागपालितानेही तसेच केले : मणिकार, सोपाऱ्याचा. नाव, धंदा आणि गाव जाहीरपणे दगडावर कोरून ठेवण्याइतका ज्यांना आपल्या व्यवसायाचा अभिमान होता, त्यांच्याच गावचे आपण ग्राहक आणि आपणच व्यापारी आहोत. त्यांनी दगडावर लिहिले. आपण निदान कागदावर लिहून द्यावे आणि लिहून घ्यावे.